नावं न ठेवणारी

काकूंची कवळी मोरीत पडून तिचे दोन तुकडे झाले, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. घरात होता तो डिंक लावून त्यांनी तुकडे जोडले, कवळी तशीच तोंडात घातली आणि वर काही घडलंच नाही असा आव आणला. हिरडी सोलून निघाली, दुधात बुडवलेला पावही गिळवेना, तेव्हा कुठे अनूला निरोप आला. निरोप तरी कसा? "सवड असेल तर येऊन जा. नसेल तर राहू दे."

अनू दात करायची. म्हणजे ती दातांची डॉक्टर नव्हती. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि त्यावरून प्रत्यक्ष कवळी घडवली जाते, तसल्या लॅबमध्ये तिची उमेदीची वर्षं गेली होती. लांबलचक टेबल, त्यावर मांडून ठेवलेले प्लास्टरचे जबडे, स्पिरिटच्या दिव्यावर मऊ होणारं गुलाबी मेण, आणि कोपऱ्यात पॉलिशच्या चाकाची दिवसभर घरघर. चाकावर बसणाऱ्या मामांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "लोकांना दात आपण करून द्यायचे, आणि मग त्यांनी ते आपल्यावरच खायचे!" अनू दर वेळी हसायची, कारण हसली नाही तर मामा ते पुन्हा सांगत.

काकू म्हणजे तिच्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. दोघे भाऊ एकाच घरात राहत. खालच्या मजल्यावर अनूचे आईवडील, वर काका-काकू, मधे लाकडी जिना. आता त्या घरात काकू एकट्या उरल्या होत्या. दोघे भाऊ गेले, अनूची आई जाऊनही बरीच वर्षं झाली होती. खालच्या खोल्यांना कुलूप होतं, आणि गुडघे धरल्यापासून काकूंनी जिना उतरणं सोडलं होतं.

काकू मुलींच्या शाळेत भाषा शिकवत. मूलबाळ नव्हतं. बोलणं नेमकं, सरळ, एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्यांच्यासमोर अनू लहानपणी घाबरूनच असायची, आणि त्याला कारण होती त्यांची हाक. सगळं जग तिला अनू म्हणायचं. एकट्या काकू पूर्ण नाव घेत. "अनसूया." चारही अक्षरं सुटी, स्वच्छ, फळ्यावर लिहिल्यासारखी. जिन्याच्या वरच्या पायरीवरून ती हाक आली की अनू हातातलं टाकून ताठ उभी राहायची. आता आपलं काय चुकलं, हा पहिला विचार.

नाव तिला आवडत नव्हतंच. वर्गातल्या इतर मुलींची नावं फुलांची, नाहीतर नदीची. हिचं नाव आजीच्या पेटीतून काढल्यासारखं. त्यात एकदा वर्गात बाईंनी नावांचे अर्थ सांगायला घेतले आणि हिच्यापाशी थांबल्या.

"फार जुनं नाव आहे तुझं," बाई म्हणाल्या. "पुराणातल्या एका ऋषीच्या पत्नीचं. अन् म्हणजे नाही. आणि असूया म्हणजे नुसता मत्सर नव्हे बरं का. तुझ्याकडे आहे ते मला हवं, हा झाला मत्सर. असूया त्याच्या पुढची. तुझं चांगलं मला सोसवत नाही, म्हणून मी त्यात खोट काढते, ती असूया."

"म्हणजे नावं ठेवणं?" अनूनं विचारलं.

"शाबास! तुझं नाव म्हणजे नावं न ठेवणारी."

बाई खूश झाल्या, पण मधल्या सुट्टीत मुलींनी नावातला न खाऊन टाकला आणि "असूया, असूया" म्हणत तिला अंगणभर पळवलं. ती रडत घरी आली. आई शिवणाच्या मशीनवर बसली होती. लोकांचे कपडे शिवणं, उसवणं, बेतणं, हेच तिचं काम. फार शाळा झालेली नव्हती. तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"असा अर्थ आहे होय त्याचा?" आई म्हणाली. "मला काय ठाऊक! अगं, तुझ्या वेळेला दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक बाई होती. स्वतः ओली बाळंतीण, तरी उठून उठून आम्हा सगळ्यांना पाणी आणून द्यायची. तिचा नवरा दारातून तिला हाक मारायचा, अनसूया. कानाला इतकं गार वाटायचं ते! तेव्हाच ठरवलं, मुलगी झाली तर हेच नाव." मग पदरानं लेकीचं नाक पुसून ती पुढे म्हणाली, "अर्थ चांगला निघाला, हे आपलं नशीब."

अनूच्या नावाची गोष्ट एवढीच होती. पुढे ती विसरून गेली. माणूस काही रोज उठून आपल्या नावाचा विचार करत नाही.

*

अनूच्या लॅबला काम पाठवणारे डॉक्टर भला माणूस. घरी येऊन त्यांनी काकूंचं माप घेतलं. मेणात बसवलेले दात तोंडात घालून पाहायची वेळ आली तेव्हा ते अनूला म्हणाले, "एरवी हे तुम्हा लोकांचं काम नाही. पण त्या बाई माझ्यापुढे तोंड उघडतात ते फक्त मला झापायला. तुम्हीच जा."

अनू दुपारची गेली. काकू खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. कवळी नसल्यामुळे गाल आत गेले होते, नाक आणि हनुवटी एकमेकींना भेटायला निघाल्यासारखी दिसत होती. आयुष्यभर जिच्या शब्दाला वर्ग चळचळा कापला, ती बाई तोंडावर रुमाल धरून बसली होती. अनूला भरून आलं. तिनं ते दाखवलं नाही, कारण काकूंना कुणी कीव केलेली खपत नसे.

मेणाची कवळी तिनं पाण्यातून काढली, हळूच बसवली. "चावायचं नाही हं, मेण आहे. ओठ मिटा. आता हसा."

"हसायला काय झालंय?" काकू म्हणाल्या, पण शब्द धड उमटला नाही.

"बरं, मग सहासष्ट म्हणा. सदुसष्ट म्हणा." पुढचे दात जागेवर आहेत की नाहीत, हे स वरून कळतं. दात जरा मागे-पुढे झाले, मागचा भाग जाड-पातळ झाला, की स ची शिट्टी तरी होते नाहीतर तो बोबडा पडतो. दात बसवणारा माणूस आरशाआधी कान लावतो तो यासाठी.

"मी पहिलीत आहे का आकडे म्हणायला?" काकू म्हणाल्या. "मी माझा रोजचा शब्द म्हणते." आणि त्यांनी मान ताठ करून म्हटलं, "अनसूया."

शिट्टी वाजली. अनूनं कवळी काढली, चाकूचं टोक दिव्यावर गरम केलं, पुढच्या दातांच्या मागे नखाएवढं मेण चढवलं. "पुन्हा."

"अनथूया."

"जास्त झालं." तिनं थोडं खरवडलं. "पुन्हा."

असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. त्या नाव घेत होत्या, ही मेण लावत होती, खरवडत होती, पुन्हा बसवत होती. एका क्षणी स नेमका आला. चारही अक्षरं जुन्या सवयीनं सुटी, स्वच्छ उमटली, आणि एवढं वय झालेलं असूनही अनू आपोआप ताठ झाली.

ती हसली. "काकू, खरं सांगू? या हाकेला मी फार घाबरायची. सगळे अनू म्हणायचे, तुम्ही एकट्या पूर्ण नाव घ्यायच्या. वाटायचं, काकूंचा आपल्यावर राग आहे."

काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग त्या म्हणाल्या, "राग तुझ्यावर नव्हता. बस इथं. दात आहेत तोवर सांगते."

अनू पलंगाच्या कडेला बसली.

"तुझी आई या घरात आली तेव्हा मला येऊन बरीच वर्षं झाली होती," काकू म्हणाल्या. "मला दोनदा दिवस गेले आणि दोनदा मी रिकामी झाले. घरात त्यावर कुणी बोलत नसे. आणि तुझी आई आली, आणि वर्षाच्या आत दवाखान्यातून तुला घेऊन परतली. मी बघायला खाली गेले. गेले ती तोंड सोडूनच. नाक बसकं आहे म्हटलं. रंग कुणावर गेलाय म्हटलं. तू रडायला लागलीस, तर म्हटलं, ही रडतेय की दार करकरतंय? लोक हसले. तुझी आई खाली मान घालून तुझं पांघरूण सारखं करत बसली. मी रोज खाली जायचे आणि रोज काहीतरी बोलून वर यायचे. मला थांबताच येईना. खाज असते बघ, तसं."

त्यांनी ओठांवरून रुमाल फिरवला.

"मग नाव ठेवायचा दिवस आला. घरात माणसं जमली. तुझ्या काकांनी विचारलं, काय ठरलं? तुझ्या आईनं मान वर केली. इतक्या माणसांत तिनं पाहिलं कुणाकडे? माझ्याकडे. म्हणाली, 'अनसूया. ताई, बरं आहे ना हो नाव?'"



"मी भाषेची मास्तरीण!" काकू म्हणाल्या. "भरल्या घरात, गोड आवाजात, माझ्याच विषयात तिनं माझ्या थोबाडीत मारली. अर्थ कळणारी तिथं मी एकटी. दुसऱ्या कुणाला आवाजसुद्धा गेला नाही. मी म्हटलं, फार छान नाव आहे. आणि वर येऊन दार लावून बसले. आधी रागानं अंगाची लाही झाली. मग वाटलं, बरोबर केलं तिनं. मी तिच्या जागी असते तर याहून वाईट केलं असतं. तेव्हाच ठरवलं, या मुलीला हाक मारायची तर पुरी. शिक्षा दिलीय ना, मग अर्धी कशाला भोगा? दिवसातून जितक्यांदा तुझं नाव घेईन तितक्यांदा आपल्या जिभेवर आपलाच हात. सुरुवातीला जड गेलं. मग तू चालायला लागलीस, जिना चढून वर यायला लागलीस, आणि पुढे पुढे नावं ठेवायला काही सापडेनाच."

"आईशी कधी बोललात यावर?"

"छे! काय बोलायचं? तिनं मारलं, मी घेतलं, फिटलं. त्यानंतर आम्हा दोघींत कधी शब्द वाढला नाही. लोक तिला गरीब गाय म्हणायचे. मी मनात म्हणायचे, तुम्हाला काय माहीत ती काय आहे ते! मला तिचा वचकच होता." काकूंनी रुमालाची घडी घातली. "एकदा विचारायचं होतं तिला, मला केवढं लागलं होतं ते ठाऊक होतं का तुला. राहून गेलं. तुझ्याशी कधी बोलली का ती, त्या नावाबद्दल?"

अनूच्या हातात मेणाचा चाकू तसाच होता. मशीनचं थांबवलेलं चाक तिला स्पष्ट आठवलं, आणि आईचा तो भोळा आवाजही. *मला काय ठाऊक!*

"आधी कवळी होऊ दे, काकू," ती म्हणाली. "मेण ढिलं पडेल. उतरवू या." आणि तिनं काकूंच्या तोंडातून शब्द काढून घ्यावेत तसे दात काढून घेतले.

*

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो व्यवहारी माणूस. "झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "म्हातारीनं त्या एका गोष्टीवर अख्खं आयुष्य काढलं. चांगलं काढलं. आता तू जाऊन म्हणणार, बाई गं, ते सगळं तुझ्या मनाचं होतं? कशाला?"

त्याचं चुकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिनं काकूंचं मेण प्लास्टरच्या साच्यात पुरलं, उकळत्या पाण्यानं वितळवून काढलं आणि त्या जागी हिरडीच्या रंगाचा कच्चा मसाला दाबून भरला. हात आपोआप चालत होते. मन मात्र आईपाशी होतं. आईच्या खात्यात एक थप्पड मांडली गेली होती आणि ती तिनं मारलेलीच नव्हती. जी आयुष्यात कुणाला तोडून बोलली नाही, ती वरच्या खोलीत इतकी वर्षं मनात डाव ठेवणारी, धूर्त बाई म्हणून नांदत होती. काकूंना त्या धूर्तपणाचं कौतुक होतं, ही गोष्ट वेगळी. पण कौतुक होतं ते दुसऱ्याच कुणाचं. खरी आई काकूंना भेटलीच नव्हती. आणि आता काकू गेल्या की ती भेटायची राहून जाणार होती ती कायमचीच.

मामांनी चाकावर कवळी फिरवून दिली. "चकाचक झाली. कुणाची?"

"काकूंची."

"मग जपून! दात आहेत म्हणजे चावणारच," मामा म्हणाले. या वेळी अनू हसली नाही.

*

कवळी फार नेटकी बसली. काकूंचा चेहरा भरून आला, हनुवटी आपल्या जागी गेली. आरशात पाहून त्या म्हणाल्या, "फार पांढरे केलेस. लोक म्हणतील म्हातारी नटली." ती पावतीच होती. मग आरसा खाली ठेवून त्यांनी सरळ विचारलं, "त्या दिवशी तू उत्तर टाळलंस."

अनूनं टाळलं होतं, आणि आता टाळायला मेणही नव्हतं. तिनं सांगितलं. शेजारची खाट, पाणी आणून देणारी बाळंतीण, दारातून हाक मारणारा नवरा, कानाला गार वाटलेलं नाव. "आईला अर्थ ठाऊकच नव्हता, काकू. मी दहा वर्षांची झाले तेव्हा तिला तो कळला, तोही माझ्याकडून. तुम्ही शिकलेल्या, म्हणून तिनं तुम्हाला विचारलं, नाव बरं आहे ना. बाकी काही नव्हतं."

काकूंनी आरसा पालथा घातला.

"पाणी आणून द्यायची?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे मी त्या परक्या बाईच्या नवऱ्यापायी जन्मभर तोंड सांभाळलं?" त्यांच्या तोंडून हसू फुटलं. आधी बारीक, मग खदखदून, नव्या कवळीवर हात धरून त्या हसल्या. अनूही हसू लागली, तिला हलकं वाटलं. आणि मग तिच्या लक्षात आलं की काकूंचं हसू कधीच संपलंय, हात मात्र तसाच तोंडावर आहे, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"काकू—"

"म्हणजे तिनं मला एकदाही काही म्हटलं नाही," काकू म्हणाल्या. "मी समजत होते, एकदा तरी म्हटलं. ते धरून मी तिच्याशी बरोबरीनं वागत होते गं. फिटलंय म्हणून. फिटलं कुठे? मी बोलले ते सगळं तसंच आहे. तिनं ते ऐकलं, गिळलं, आणि वर मलाच विचारलं, ताई, बरं आहे ना नाव."

अनूला आपण काय करून बसलो ते कळलं. खोटं तर बोलली नव्हती ती, पण म्हातारीच्या पायाखालची इतक्या वर्षांची पायरी तिनं काढून घेतली होती. "चुकलंच माझं," ती म्हणाली. "सांगायला नको होतं."

"गप्प बस," काकू म्हणाल्या. आवाज वर्गातला होता. "मला हात दे. खाली जायचंय."

"गुडघे—"

"गुडघे माझे आहेत. किल्ली त्या खिळ्याला आहे."

त्या जिना उतरल्या. एक हात कठड्यावर, एक अनूच्या खांद्यावर. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवून, दम खात, मधेच जिन्याला शिव्या देत. खाली अनूनं कुलूप उघडलं. बंद खोलीचा वास आला. खिडकी उघडली तसा उजेड धुळीवर पडला. भिंतीशी आईचं मशीन होतं, त्यावर जुनी चादर. काकूंनी स्वतः ती चादर ओढून काढली, शेजारचं स्टूल पुढे घेतलं आणि बसल्या. मशीनच्या लाकडावर, कडेला, सुया टोचून टोचून बारीक भोकं पडलेली होती. त्यांवरून त्या बोट फिरवत राहिल्या.

"माझ्या पावलांखाली राहत होती ती," काकू म्हणाल्या. "दिवसभर या मशीनचा आवाज वर यायचा. मी तिला ओळखते असं समजून बसले होते. मला सांग, कशी होती तुझी आई?"

अनूला आईबद्दल असं कुणी विचारलंच नव्हतं कधी. मग ती मशीनशेजारी जमिनीवर बसली आणि सुचेल ते सांगू लागली. आई शिवताना तोंडात टाचण्या धरून बोलायची, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं कुणाला कळायचंच नाही. लोकांच्या उरलेल्या चिंध्यांतून ती अनूला बाहुल्यांचे कपडे शिवायची आणि मग स्वतःच त्या बाहुल्यांशी खेळत बसायची. तिला मोठ्या आवाजाची भीती वाटे, पण उंदीर मात्र ती चपलेनं मारायची. वडील रागावले की ती पाठ फिरवून झोपायची आणि सकाळी त्यांच्या चहात साखर घालायला विसरायची.

"विसरायची?" काकूंनी विचारलं.

"आता तुम्ही म्हणताय म्हणून मलाही शंका येतेय."

काकू हसल्या. मग आणखी विचारू लागल्या. उजेड भिंतीवरून सरकत गेला, तरी दोघी बसल्या होत्या. काही प्रश्नांना अनूकडे उत्तर होतं, काहींना नव्हतं, आणि नव्हतं त्याचंच तिला जास्त लागलं. इतक्या वर्षांत आपणही आईला काय विचारलं होतं?

उठायची वेळ झाली तेव्हा काकूंनी जिन्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "आता कोण चढणार ते! माझी गादी खाली आण."

अनूनं आणि तिच्या नवऱ्यानं गादी आणली, मागून पलंगही आणला. काकू मग खालीच राहिल्या. पुढचा हिवाळा त्यांनी त्या खोलीत काढला, आणि त्याच्या पुढचाही. खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांशी त्यांची ओळख झाली. कुणी बटण तुटलेलं पोलकं घेऊन आलं की त्या चष्मा लावून, बोटं टोचून घेत, वाकडंतिकडं का होईना, लावून देत. मशीन चालवायला मात्र त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. अनू रविवारी येऊन चाकाला तेल घालायची, आणि काकू शेजारी बसून आईचं काहीतरी नवं विचारायच्या.